इथं तर चालतंय

मस्तगडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बाळाला थोपटत रेवती नंबराची वाट पाहत होती. तिच्यापुढं उषाबाई तोच कॉम्प्युटर घेऊन तिसऱ्यांदा आल्या होत्या.

"लतीफभाई, घरी नेला की बंद पडून राह्यला."

"इथं तर बराबर चालतंय, ताई. तुमच्या घरच्या लाइटमध्येच खराबी असंल."

"मागच्या खेपंला धूळ म्हणले. त्याच्याआधी म्हणले, लेकरांनी हात लावला."

"मंग मी काय करू?"

"उद्या माझा बी.एड.चा प्रकल्प द्यायचाय. अर्धा ह्याच्यातच अडकलाय."

"पण इथं बिलकुल चालू है."

"चालू है ना? मंग सरका. इथंच बसून पुरा करते."

रेवतीनं उठून आपलं स्टूल त्यांच्याकडं सरकवलं.

"सातला दुकान बंद होतं, ताई."

"मंग चावी ठेवून जा."