खुरांच्या विटा

माझं माहेर मांडवगण फराट्याचं, आन् लग्न होऊन आले ती रांजणगावच्या अलीकडं, धनगरांच्या वस्तीवर. समद्या वस्तीत कुडाची घरं, पक्क्या विटांचं एकच, आमच्या मामंजींचं, म्हंजी माझ्या सासऱ्यांचं. विटा त्यांनी सोता थापल्या. आन् काय सांगू तुम्हाला, कच्च्या विटा वाळत घालून मामंजी न्याहारीला बसले, तवर त्यांचीच मेंढरं विटांवरनं चालत गेली. गवंडी म्हणला, फेका ह्या. मामंजी म्हणले, न्हाई, ज्यांच्या जिवावर घर होतंय त्यांचे पाय घरात पायजेत. भाजल्यावर ते खूर पक्के झाले, दारापाशी अख्खा थर लावला. मी नवी नवरी आले तवा पैलं तेच बघितलं.

आता चूक कुठं झाली ते ऐका. दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो, पावसाच्या टायमाला माघारी. हितं वस्तीला लागून तात्या म्हणून बागायतदार व्हते, त्यांच्या रानात आमची मेंढरं खतासाठी बसायची, तात्यांचा आन् मामंजींचा एकमेकांवर लई जीव. घराला जागा त्यांनीच दिलेली, तोंडी. ग्रामपंचायतीचे लोक घरं लिहून घ्यायला येणार व्हते, तर मामंजी जाताना सांगून गेले, तुमचंच नाव सांगा तात्या, आमी कुठं हाय हितं. तात्यांनी तसंच सांगितलं, त्यांचं काय चुकलं न्हाई.

पुढं रांजणगावात कंपन्या आल्या, जागेला भाव आला. माझे मालक म्हणले, आबा, तात्या हायेत तवर नाव फिरवून घ्या. तर मामंजी उखडलेच, तात्याला कागद मागू, त्या माणसाला काय वाटंल. मी आतनं ऐकत व्हते, मी बी गप बसले. ते गप बसणं आजून मला खातंय.

तात्या गेले आन् वर्षाच्या आत त्यांचा नातू तात्यांच्या नावाचा घराचा उतारा घेऊन दारात. त्याला कामगारांसाठी खोल्या बांधायच्या व्हत्या. बैठक बसली. मामंजींनी वाद घातला न्हाई, नातवाचा हात धरून विटांपाशी नेलं, म्हणले, बघ, तुझ्या आज्याच्या रानात बसणारी मेंढरं ही. ग्रामसेवक म्हणला, आबा, खुरावर नाव नसतं.

जेसीबी आला तवा मामंजी बाभळीखाली बसून बघत व्हते. त्यानंतर दोन वर्सं जगले, त्या बाजूला पाय ठेवला न्हाई. मी मात्र राडारोड्यातनं खुराच्या सात विटा उचलून आणल्या, आता आमी राहतो त्या ह्या पत्र्याच्या शेडपुढं मांडल्या. तुम्ही बसलाय त्याच ह्या.

त्या खोल्यांत आता बिहारची पोरं राहत्यात, माझ्याकडं भाकरी न्यायला येत्यात. परवा एकानं विचारलं, अम्मा, ये पैर किसके हैं. म्हणलं, घरमालकाच्या मेंढरांचे. हसला. मंग मीच विचारलं, तुझं बी गावाकडं घर हाय का, तर व्हय म्हणला, बाप राहतो. म्हणलं, सुखी ऱ्हा बाबा, पण आता गावाला गेलास की पैलं बघ, घराला नाव कुणाचं लागलंय. बाप रागावला तरी बघ.