खरडलेली लेबलं

ब्रह्मपुरीच्या बाजारात प्रणितच्या दुकानापुढे सात जुने निळे ड्रम विकायला होते. सातांचीही लेबलं खरडलेली होती; एकावर लाल चौकटीचा कोपरा उरला होता. शेजारीच जीपच्या रांगेत मी उभी होते. तो लाल कोपऱ्याचा ड्रम घ्यायला जिवंत मासे विकणाऱ्या वच्छलाबाई आल्या होत्या.

“लेबल काऊन खरडलं रे, प्रणित?”

“सरकारचा नवा नियम आहे बाई. जुन्या ड्रमवर लेबल ठेवाचंच नाई.”

“आत जहर असलं तं लिहून सांगाचा नियम आयकला होता. खरडाचा कधी निंगला?”

“जहर कायचं? साबण होता यात. तीनदा धुतला.”

“साबनावर अशी लाल चौकट?”

“डिझाइन असते थे.”

“पोरीच्या लग्नात सारं गाव याच्यातलं पानी पेणार आहे. तू पे आधी एक गिलास.”

“मले तहान नाई.”

“मंग माह्ये मासे पेतीन. पाच ड्रममंदी, पाच बादलीत. पानी दोन्हीत बोरिंगचंच.”

“मासे उनानं मरतेत बाई!”

“बादलीले का सावली आहे?”

वीस मिनिटांनी जीप आली. बादलीत पाच मासे पोहत होते, ड्रममध्ये एक.