चार वाजेपर्यंत थांबा

बसलेल्या साऱ्यांले नमस्कार. सरपंच ताई, गुरुजी, शाळेच्या मॅडम, बचत गटातल्या बाया, अन् माझ्या पार्बतासाठी हातचं काम टाकून आलेले तुम्ही सारे.

बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मीच नको म्हटलं होतं. ती माझी नणंद. घरातली बाई गेली तं घरच्यांनी काय बोलायचं? अन् मले माईकवर बोलता येत नाही. तसा माझा आवाज तीन घरं पलीकडं जाते, हे तुम्हाले माहीत आहे. पण माईक हातात धरायची ही पहिलीच वेळ. थोडं सांभाळून घ्या जी.

गुरुजी, आता तुम्ही बोलले. चांगलं बोलले. पार्बतानं अकरा वर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवली, एकही पोरगं तिच्या चुलीपासून अर्धपोटी उठलं नाही, हे तुम्ही सांगितलं. खरं आहे ते. मंग तुम्ही ते दूधभाताचं सांगितलं. तिचा वरचा ओठ जन्मापासून फाटलेला होता, रेल्वेतल्या दवाखान्यात फुकटात ऑपरेशन व्हायचं होतं, पण बाईले सकाळी भूक आवरली नाही, दूधभात खाऊन बसली अन् ऑपरेशन राहून गेलं. तुम्ही मायेनंच सांगितलं. लोक हसले. मागं पोरं बसली आहेत, तीही हसली.

मीही सोळा वर्षं हसत आली. आज नाही जमलं. म्हणून उठली.

ती गोष्ट खोटी आहे. तुम्ही खोटं बोलले असं नाही गुरुजी. तुम्हाले जे समजलं ते तुम्ही सांगितलं. खोटं माझ्या घरातून निघालं.

लहान पोरांनी ती गाडी पाहिली नसंल. त्या साली दिवाळी झाल्यावर गोंदियाच्या स्टेशनात, बाजूच्या रुळावर, दवाखान्याची गाडी येऊन उभी राहिली होती. पांढरे डबे. डब्यातच ऑपरेशनची खोली, मोठे दिवे, मशिनी. मोतीबिंदू, कान, पोलिओचे पाय, फाटलेले ओठ, सारं फुकटात. डॉक्टर मुंबईचे, एकदोन तं बाहेर देशातले. एक सिस्टर होती केरळची, हिंदीत बोले. आधी ती जहाजावर होती म्हणे. दवाखान्याचं जहाज. आफ्रिकेच्या किनाऱ्याले लागते, लोक चार चार दिवस चालत येतात, जहाजातच ऑपरेशन होते, अन् मंग जहाज पुढच्या बंदराले जाते. "आपके यहाँ समंदर नहीं है, तो हम रेल लेके आए," असं म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडं तलाव आहेत बाई, पण त्यात तुमचं जहाज काही मावत नाही. ती खूप हसली. जीव लावणारी बाई होती. तिचं तोंड मी अजून विसरली नाही.

पार्बता तेव्हा वीस वर्षांची. घरात सासूबाई लकव्यानं खाटेवर. माझी मोठी पोरगी दोन वर्षांची, दुसरं पोटात, पाचवा महिना. सासूबाईंचं हागणं-मुतणं, पोरीची अंघोळ, शेणपाणी, सारं पार्बता करे. मी बिड्या वळत बसे. खोटं कायले सांगू? तिच्या जिवावर माझं घर चालून राहिलं होतं. अन् त्याच महिन्यात बालाघाटकडचं एक स्थळ आलं. पोरगा चांगला होता. ते म्हणाले, ओठ शिवून झाला की आम्ही पाहायले येतो.

एवढं ध्यानात ठेवा.

तपासणीत तिचं नाव लागलं. सासूबाईंले शेजारणीवर सोपवलं अन् आम्ही तिघं गेलो, पोरगीही कडेवर. स्टेशनजवळ मांडव टाकला होता, पेशंट अन् नातेवाईक तिथंच झोपत. संध्याकाळी सिस्टर आली. म्हणे, कल सुबह इसका नंबर है, रात बारह के बाद खाना नहीं, पानी भी नहीं. तीनदा सांगितलं. तिन्हीदा मीच "हो जी" म्हटलं. म्हणजे मले समजलं नव्हतं, असं म्हणायले मले जागा नाही.

सकाळी पोरगी रडायले लागली. टपरीवरून दूध आणलं, डब्यातला भात त्यात कुस्करला, पोरीले भरवला. अर्धी वाटी उरली. पार्बता भिंतीले टेकून बसली होती, भ्यायलेली. आमचे हे तोंड धुवायले नळावर गेले होते. मी वाटी तिच्यापुढं केली. म्हटलं, खाऊन घे.

"वयनी, सिस्टर नाही म्हणाली नं."

"सिस्टर का तुझी माय आहे? सुरी लागणार, रक्त जाणार, अन् पोटात काही नाही. एवढ्याशानं काय होते? खा."

तिनं वाटी हातात घेतली. मंग खाल्ला. तिले भूक नव्हती हो. भ्यायलेल्या माणसाले भूक लागते का कधी? मी म्हटलं म्हणून खाल्ला. माझा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नाही, तो त्या दिवशीही पडू दिला नाही.

दहा वाजता तिचं नाव पुकारलं. आत नेलं. आतमध्ये पुन्हा विचारलं, कुछ खाया क्या? मी तिले शिकवून ठेवलं होतं, नाही म्हण. पण ते तिच्या तोंडून निघालं नाही. खरं सांगून बसली. अन् बरं झालं सांगितलं. पोट भरलेलं असताना भूल दिली तं उलटी छातीत उतरते, माणूस दगावते, असं डॉक्टरांनी मंग आम्हाले समजावलं. मी तिले खोटं बोलायले लावत होती, अन् जीव तिचा जाणार होता.

तिले बाहेर आणलं. आमचे हे तापले. साऱ्या लोकांसमोर. "कोणं दिलं खायले? सांग, कोणं दिलं?"

पार्बतानं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. माझा हात पोटावर होता, पाचवा महिना. ह्यांचा राग तिले माहीत होता.

"मीच घेतला दादा," ती म्हणाली. "भूक आवरली नाही."

अन् मी काय केलं? मी म्हटलं, "बाई बाई, काय पोरगी आहे ही!"

हो. असं म्हटलं मी. ह्याच तोंडानं.

आता तुमच्यातल्या काही बाया मनात म्हणत असतील, जाऊ दे, वयनीनं मायेनं दिला, अडाणी होती, चुकलं तिचं. मीही मले तेच सांगत आली. आपल्या घरातून कोणी उपाशी पोटी बाहेर पडत नाही, हीच तं आपली रीत. रीतीवर ढकलून दिलं की मन हलकं होते.

पण इथं गोष्ट संपत नाही. इथून पुढचं सोळा वर्षांत गावात कोणाले माहीत नाही.

हे रागारागानं आमचं सामान आणायले मांडवाकडं गेले. पार्बता त्यांच्या मागं गेली, रडत. मी डब्याच्या पायऱ्यांजवळ पोरगी घेऊन उभी. ती सिस्टर धावत खाली आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणे, "रोना मत. डॉक्टर से मैंने बात की है. ओठवाले डॉक्टर आज शाम को जा रहे हैं, पर चार बजे तक रुको. तब तक पेट खाली हो जाएगा. आखिर में इसका कर देंगे."

चार वाजेपर्यंत थांबा. एवढंच.

मी तिले "हो जी" म्हटलं.

मंग मी मांडवात गेली. हे पिशवी भरून राहिले होते. मले म्हणाले, "काय म्हणते ती?" मी म्हटलं, "काही नाही. पुढच्या वेळेस या म्हणते. पोरीचं अंग गरम लागून राहिलं, चला लवकर."

पोरीचं अंग गरम नव्हतं.

अकराच्या गाडीनं आम्ही घरी. चार वाजता पार्बता आमच्या अंगणात सासूबाईंची चादर धुवून राहिली होती. मी बिड्या वळत बसली होती. मी घड्याळाकडं पाहिलं. मले आठवते.

कायले केलं मी असं? सोळा वर्षं हाच सवाल मी मले करून राहिली. मनात एक गोष्ट होती, तिचं नाव मी घेत नव्हती. आज घेते. तिचा ओठ नीट झाला असता तं उन्हाळ्यात तिचं लगन झालं असतं. ती गेली असती. अन् सासूबाईंची खाट, दोन लेकरं, शेण, चूल, सारं माझ्या गळ्यात पडलं असतं. मी असा बसून हिशोब केला नाही. देवाशपथ नाही केला. पण दूधभाताची वाटी पुढं करताना माझ्या हाताले ते माहीत होतं का? "चला लवकर" म्हणताना तं नक्की माहीत होतं.

स्थळ मोडलं. गाडी काही दिवसांनी निघून गेली. आपल्याकडं पुन्हा आली असंल तं मले माहीत नाही, मी कधी विचारलं नाही.

अन् पार्बताले तुम्ही काय काय म्हटलं? खादाड म्हटलं. लग्नाच्या पंगतीत तिच्या पानात वाढपी एक पळी जास्त भात टाके अन् लोक हसत. शाळेत खिचडीवर लागली तेव्हा कोणी तरी म्हणालं, पोरांच्या वाट्याले काही उरंल का? ती मान खाली घालून हसे. बचत गटात मी स्वतः ती गोष्ट रंगवून सांगितली आहे, एकदा नाही, दोनदा. ती बाजूले बसून होती. आमचे हे तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत. सख्खा भाऊ, एका घरात, वर्षभर. तेही तिनं काढलं.

पुढं सरकारी दवाखान्याची आशाताई आली होती, नागपूरले फुकट ऑपरेशन होते, चल म्हणून. तुम्ही आल्या होत्या नं ताई? पार्बता काय म्हणाली तुम्हाले? "मले उपाशी राहवत नाही जी." तुम्ही हसल्या. मी आत चहा करून राहिली होती, मी ऐकलं. एका शब्दानं म्हटलं असतं, जा, मी येते सोबत, तं ती गेली असती. मी चहा घेऊन बाहेर आली अन् गप्प बसली. दूधभात घडीभराचा होता. हे गप्प बसणं रोजचं होतं.

कावीळ झाली, अंगात भिनली, मंग डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नाही. दवाखान्यात मी तिच्याजवळ होती. शेवटच्या आधीच्या दिवशी दुपारी ती शुद्धीत होती. वाटलं, आता नाही सांगितलं तं कधीच नाही. दूधभाताचं तिले माहीतच होतं. चार वाजताचं माहीत नव्हतं. ते मी सांगितलं. सारं सांगितलं, पोरीच्या तापासकट.

मले वाटलं, ती म्हणंल, जाऊ दे वयनी. साऱ्या जन्मात ती मले हेच म्हणत आली. कप फुटो का घर बुडो, जाऊ दे वयनी.

तिनं विचारलं, "किती घंटे थांबा लागलं असतं?"

मी म्हटलं, "पाच घंटे."

"पाच घंटे," ती म्हणाली.

पार्बता बाहेरच्या माणसापुढं तोंडावर पदर घे. घरात कधी नाही. माझ्यापुढं कधीच नाही. त्या दुपारी तिनं चादरीचं टोक ओढलं, ओठावर धरलं, अन् डोळे मिटले. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या पोरीशी बोलली, दादाशी बोलली. माझ्याशी नाही. अन् मी म्हणते, बरोबर केलं तिनं.

आमचे हे समोर बसले आहेत. हे सारं त्यांलेही आताच समजून राहिलं. घरात सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून चार लोकांत सांगितलं. घरी गेल्यावर काय व्हायचं ते होईल. मी पळणार नाही.

कोणी उठून मले माफ केलं म्हणू नका. ते तुमच्या हातात नाही. माझं एक मागणं आहे. गुरुजी, उद्या शाळेत पोरं तुम्हाले विचारतील. त्यांले सांगा, आपली पार्बता मावशी त्या दिवशी उपाशी राहायले तयार होती. तिले भरवलं. भरवणारीचं नाव घ्या. माझं नाव घ्या, लाजू नका.

अन् आता उभे राहा जी, सारे. दोन मिनिटं. माझ्याकडं पाहू नका, तिच्या फोटोकडं पाहा. फोटोत तिनं पदर धरला आहे, कारण फोटो काढणारा परका होता. तिचं उघडं तोंड फक्त आमच्या घरानं पाहिलं. हसायची तेव्हा खूप चांगली दिसे.

पार्बता बाई, तुझ्या वयनीचा नमस्कार घे. घ्यायचा नसंल, तं नको घेऊ.