तांबड्या रंगाची फळी

दुपारचे दोन वाजले होते, बाबूजी. जेवणाची सुट्टी संपली, भोंगा झाला, आन् धुराड्याच्या कामावर परांचीची फळी उलटून आमचे घरचे, आनंदराव, खाली आले. दुपार. सांज नाही. तुमच्या हापिसात सगळे सांज म्हून सांगून राहिले — सांज म्हटली की म्हणता येते ना, उजेड कमी होता, माणसाले दिसलं नाही. चैताच्या उन्हात दोन वाजता भिलाईत उजेड नाही तं काय असते जी?

नाही, बसत नाही मी. बसली की उठवत नाही मले. पाणीही नको. आन् असे दाराकडे पाहू नका, मी भांडायले नाही आली. तुम्ही नागपूरकडले, आपली भाषा बोलता, म्हून तुमच्यापाशी आली. मी माफ करायले आली. हो, बरोबर ऐकलं. मागायले नाही, द्यायले. कोणाले द्यायची तेवढं सांगा, दोन शब्द बोलते आन् जाते.

फळी आणली ना! बाहेर भिंतीले टेकवली आहे. सुपेल्यातल्या घरापासून डोक्यावर आणली, रस्त्यानं लोक विचारे, बाई, घर बांधून राहिली का? तुमचाच माणूस आला होता मागायले — ठेकेदारसाहेबाचा माल आहे म्हणे, परत करा. त्याच फळीवर टाकून त्यांले दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी त्याच फळीवर घरी आणलं, आन् फळी अंगणातच राहून गेली. आता पाहा बाप्पा, माणूस कोणाच्या भरवशावर वर चढला हे या हापिसात कोणाले माहीत नाही, पण फळी कोणाच्या अंगणात आहे हे बरोबर माहीत! — अहो, मागे काहून सरकता? रक्त नाही ते. रंग आहे. लोखंडाले गंज लागू नये म्हून मारतात तो तांबडा. रंगारीच होते ते. त्याच दिवशी सकाळी डबा कलंडला फळीवर.

तुम्ही आमच्या ख्रिस्ती मंडळीतले नाही, तुमाले सांगावं लागीन. उद्या प्रभुभोजन आहे. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, कॅम्पातल्या टिनाच्या शेडमधी उपासना होते, मंग भाकरीचं ताट फिरते. आता आमच्यात असं, की मनात कोणाबद्दल अढी असली तं त्या ताटाले हात लावायचा नाही. आधी त्या माणसाच्या दारी जायचं, मन मोकळं करायचं, मंग यायचं. एरवी सोपं असते ते. आमच्या शेजारच्या बेबीताईनं नळावर माझी बादली लाथाडली होती — मी गेली तिच्या दारी, म्हटलं, बेबीताई, मी तुमाले माफ केलं. तं म्हणे, तुम्ही कोण मले माफ करणाऱ्या, बादली तुमचीच आडवी होती! भांडलो, हसलो, चहा पेलो, झालं. पण दार होतं ना तिचं? ज्याचं दारच माहीत नाही त्याच्याकडे कसं जावं? ताट दोनदा माझ्यापुढून तसंच गेलं. लोक पाहतात जी. तीच बेबीताई आता म्हणते, रत्नमालाबाई, मन मोठं करा, नवरा तुमचा एवढा पवित्र माणूस.

होतेच. कोण नाही म्हणते? दारू नाही, शिवी नाही. गैरहजर माणसाले हजर म्हण म्हटलं तं म्हणत नव्हते — म्हून कामावरचे त्यांले पाद्रीबाबा म्हणत, हसत. दोन लोखंड जुळतात तिथं, आतल्या फटीत, जिथं कोणाचा बाप पाहणार नाही, तिथंही ब्रश घालून पुरा रंग मारत. मी म्हणे, कोण पाहते तिथं? तं म्हणत, रत्ना, रविवारपुरतं पवित्र राहणं सोपं आहे, सोमवारी ब्रश हातात असताना राहावं लागते. मले राग ये. आताही येते.

पहिले मी चंपत मुकादमाकडे गेली. म्हटलं, फळी परांचीले बांधायचा दोर कसा काय नव्हता? तं म्हणे, बाई, मी पाणी प्यायले गेलो होतो. मंग फकिरा मिस्त्रीकडे. तेही पाणी प्यायले गेले होते! ठेकेदारसाहेबाच्या बंगल्यावर गेली, तिथल्या माणसानं फाटकातूनच सांगितलं, साहेब त्या वेळेस पाणी — नाही, चहा, साहेब चहा पिऊन राहिले होते. त्या दुपारी सगळं भिलाई पिऊनच राहिलं होतं का जी? मी परत्येकाले म्हटलं, मी रडणार नाही, ओरडणार नाही, तुमच्या नोकरीले हात लावणार नाही — फक्त एवढं म्हणा, 'बाई, माझ्या हातून झालं', आन् मी म्हणते, 'केलं माफ', आन् उद्या मी ताटाले हात लावते. फुकटात देऊन राहिली मी. फुकटात! कोणी घेत नाही.

तुम्ही काय म्हणाले? झापड लागली असंन त्यांले? भोंगा ऐकून कामावर चढलेला माणूस, झापड? हे तुमाले कोणी शिकवलं? झापड नव्हती, बाबूजी. डोळे मिटले होते ते खाली, जेवणाच्या सुट्टीत, प्रार्थनेसाठी. दवाखान्यात त्यांनीच सांगितलं मले, तेव्हा शुद्ध होती. जेवणाचा डबा पुढं ठेवून डोळे मिटत ते, आन् लवकर उघडत नसत — बायकोचं नाव, आईचं नाव, मुकादमाचं नाव, सगळ्यांसाठी मागत. बाकीचे तोवर जेवून उठत. ते खाली प्रार्थना करत होते, आन् वरती कोणीतरी दोर सोडून राहिला होता. डोळे उघडे असते तं दिसलं असतं. डोळे उघडे ठेवणारे बाकीचे सगळे जिवंत आहेत ना! मुकादमासाठीही मागितलं त्यांनी त्या दिवशी, मुकादमासाठी! — आन् ज्याच्यापाशी मागून राहिले होते, त्याले तं दिसत होतं? त्याचे तं डोळे मिटले नव्हते? मी पाळकसाहेबाले विचारलं, म्हटलं, त्यालेही माफ करावं लागते का मले? त्याच्या दारी कोणत्या रस्त्यानं जाऊ? पाळकसाहेब जवळ आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

हे मी बोलली ते विसरा. कोणाले सांगू नका. देवभीरू बाई आहे मी.

दवाखान्यात शेवटी आनंदराव म्हणाले, मनात ठेवू नको, माफ करून टाक. मी विचारलं, कोणाले? तोवर ते बोलायच्या पलीकडे गेले होते. सांगून गेले आन् नाव ठेवून नाही गेले. आता रोज रात्री मी एक माणूस उभा करते समोर — तोंड नाही त्याले — आन् म्हणते, जा, केलं माफ. आन् त्याच हातानं त्याचा गळा धरते. तोंड नाही म्हून गळाच सापडते पहिले. तोंड दिसलं तं सुटंन माझा हात. सुटंन असं वाटते. नाहीही सुटणार. पण पाहू तं द्या!

सही? करते ना, मिशनच्या शाळेत शिकली आहे मी. 'फळी परत दिली' — लिहिते. खाली तुम्हीही लिहा, 'फळी मिळाली, हिचा दोर अमक्याच्या हुकमानं काढला होता.' नाव टाका. काहून नाही? लेखणी तं हातातच आहे तुमच्या.

'दोर तुटला' नका म्हणू. तुटला असता तं तुकडा राहिला असता. या, बाहेर या, पाहा — सगळ्या फळीवर तांबडा रंग सांडला आहे, आन् मधात ही हातभर रुंद पट्टी कोरी. इथं दोर गुंडाळला होता. फळीचा रंग दोरानं अंगावर घेतला. मंग तो दोर कुठं गेला?

बरं. राहू द्या. फळी मी परत नेते. साहेबाले सांगा, ज्यानं दोर सोडला तो स्वतः आला तं देईन, दुसऱ्याच्या हाती देणार नाही. हात लावा जरा, डोक्यावर चढवू द्या. — राहू द्या, मीच उचलते.

तुमच्या फाटकावर पाहुण्यांसाठी बांबूची कमान केली होती ना, त्याच दिवशी, घाईघाईनं, भर दुपारी? पाहुणे येऊन गेले, फुलं वाळली, कमान अजून उभी आहे. आत्ता मी तिच्याखालूनच आली. डाव्या अंगाचा बांबू ज्या दोरानं बांधला आहे, तो दोर तांबडा आहे.