वाचलेला वेळ जातो कुठे?

...आणि वर मलाच म्हणतो, 'भाऊजी, तुम्ही फार पाल्हाळ लावता.' मी पाल्हाळ लावतो? अहो, ज्या माणसाला बायकोनं आजवर एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, तो कुठून लावणार पाल्हाळ? पण नाही, आमच्या मेहुण्याला कुणी 'कसं काय' विचारलं तरी ते लांबण लावल्यासारखं वाटतं. तो उत्तर देत नाही, नुसता अंगठा वर करतो, म्हणे तेवढाच वेळ वाचतो. बरं बाबा, वाचतो. माझं फक्त एकच विचारणं आहे... वाचलेला वेळ जातो कुठे?

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. घरी त्याला सोन्या म्हणतात, ऑफिसात फाउंडर म्हणतात, आणि मी काय म्हणतो ते हिच्यासमोर म्हणता येत नाही. मी आपला पंपाच्या कंपनीत दुरुस्ती खात्यात सुखात होतो. पंप बिघडला की उघडायचा, गाळ काढायचा, परत बसवायचा. पंप उलट बोलत नाही. पण एक दिवस ही म्हणाली, 'अहो, सोन्यानं स्टार्टअप काढलंय, त्याला घरचं माणूस हवंय.' मी म्हटलं, असं कोण रिकामं बसलंय आपल्या घरी? तर ही माझ्याकडेच बघत होती. झालं. ऑपरेशन्स हेड!

तर या स्टार्टअपचा धंदा काय, लोकांचा वेळ वाचवणं. कुठल्या दवाखान्यात, कुठल्या कचेरीत किती लांब रांग आहे, ते म्हणे घरबसल्या फोनवर दिसणार. मी म्हटलं, वा, डोकं आहे पोराला. पण फोनला रांग दिसणार कशी, हे कुणी सांगितलंच नव्हतं. कुणीतरी तिथं जाऊन उभं राहायला नको? माणसं मोजायला नकोत? आता तो कुणीतरी कोण, हे मी सांगायला हवं का तुम्हाला? लोकांना रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून मी रांगेत. एकदा उभा राहता राहता माझा नंबर लागला, खिडकीतल्या बाई म्हणाल्या, 'बोला, काय काम आहे?' मी म्हटलं, काही नाही, किती वेळ लागतो ते बघायला आलो होतो. त्या बाईनं खिडकी लावून घेतली.

आणि हा तिकडे वेळ वाचवतोय. कपाटात सगळे शर्ट राखाडी, का, तर सकाळी कुठला घालू याचा विचार वाचतो. जेवायचं नाही, बाटलीतून कसलीतरी पेज ओढायची, चावण्याचा वेळ वाचतो. व्याख्यानं ऐकतो ती दुप्पट वेगानं, बोलणारा मोठा विद्वान असतो म्हणे, पण ऐकायला येतो तो नुसता किचकिचाट. टेबलावर एक दिवा आहे. दिवा लाल असला की साहेब एकाग्र, तेव्हा आग लागली तरी बोलायचं नाही. गंमत म्हणून नाही सांगत, खरंच एकदा पंख्याच्या तारेतून धूर आला होता, मी बटण बंद केलं आणि दिवा हिरवा होईपर्यंत गप्प बसलो. इतका वेळ वाचवतो हा माणूस, तर आईला फोन करायला तरी मिळावा की नाही? नाही मिळत. आईला फोन मी करतो. त्याच्या आईला, हो. मग वाचलेला वेळ जातो कुठे?

या सगळ्याचं मूळ म्हणजे ती भिंत. ऑफिसात काचेच्या भिंतीवर त्यानं चार चौकोन काढलेत. आत्ता करा. नंतर करा. दुसऱ्याला सोपवा. काढून टाका. जगातलं कुठलंही काम पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं आणि या चारातल्या एकात डकवायचं. मला समजावताना म्हणाला, 'भाऊजी, यशस्वी माणूस तिसऱ्या चौकोनात जगतो.' मी म्हटलं, अरे, तिसऱ्या चौकोनात प्रत्येक चिठ्ठीखाली माझं नाव आहे, तिथे मी जगतोय. तर म्हणाला, 'तेच तर.' लष्कराच्या भाकऱ्या ऐकल्या होत्या, त्या अशा काचेवर चिकटवतात हे नव्हतं माहीत.

आता याचं लग्न ठरलं. मुलगी जनावरांची डॉक्टर. हा तिच्या दवाखान्यात ॲप विकायला गेला होता, तिनं सांगितलं, 'माझे पेशंट एकमेकांवर भुंकतात, त्यांना रांगच लावता येत नाही.' हा हसला. आयुष्यात एकदा वेळ न बघता हसला असेल, म्हणून जमलं. गुणी मुलगी हो. हातावर मांजरांचे ओरखडे, बाहीला केस चिकटलेले, आणि बोलणं असं की कुत्रंसुद्धा इंजेक्शन घेऊन शेपूट हलवत जाईल.

तिची पण चिठ्ठी झाली. 'डॉक्टर – भेटणे.' पहिले काही दिवस पहिल्या चौकोनात होती. मग दुसऱ्यात गेली. मग एका सकाळी बघतो तर तिसऱ्यात, आणि खाली 'भाऊजी'. मी म्हटलं, अरे सोन्या, लग्न तू करतोयस ना? तर दिवा लाल! तेव्हापासून तिच्याबरोबर पडदे बघायला मी, जागा बघायला मी, कॉफी प्यायला मी. पडदेवाला म्हणतो, 'वडिलांना निळा आवडलेला दिसतोय.' ती बिचारी हसायची, म्हणायची, 'दादा, ते येणार होते ना?' मी म्हणायचो, अगं, कामात आहे. किती थापा मारल्या असतील! माझ्या बायकोबरोबर इतका फिरलो असतो तर तिनं मला सोन्याकडे पाठवलंच नसतं.

परवा ती ऑफिसात आली. न सांगता. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून तिला बोलावणं आलं होतं आणि त्याच दिवशी हो-नाही कळवायचं होतं. मला म्हणाली, 'दादा, मला त्यांना एवढंच विचारायचंय, जाऊ का राहू. राहा म्हणाले तर राहते.' बास, एवढंच. एका शब्दाचं काम. आणि दिवा लाल. ती त्याच्या समोर जाऊन बसली, याच्या कानावर ते मोठे हेडफोन, नजर कॉम्प्युटरवर. मी खुणा केल्या, टेबल वाजवलं, शेवटी खांदा हलवला. यानं मान वर न करता एक बोट दाखवलं. थांबा.

ती थांबली. थांबल्या थांबल्या भिंत वाचायला लागली. ती चिठ्ठी मी आधीच काढायला हवी होती हो, पण चिठ्ठ्या काढायचं काम तेवढं मला सोपवलेलं नव्हतं! तिनं वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'दादा, तुम्ही मात्र मन लावून केलंत हं सगळं.' रागावली असती तर बरं वाटलं असतं. उठली, चिठ्ठी काढली, चौथ्या चौकोनात लावली, नीट, कडा दाबून. आणि गेली.

मग दिवा हिरवा झाला. साहेब आळोखेपिळोखे देत भिंतीपाशी आले. म्हणतो, 'अरे वा, हे कुणी मार्गी लावलं?' मी सांगितलं. सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्यानं मला मध्ये तोडलं नाही. खुर्चीत बसला. चेहरा उतरला होता, खोटं कशाला बोलू, माझंही काळीज हललं, शेवटी लहानपणापासून बघतोय त्याला. हळूच म्हणाला, 'जाऊ का राहू असं विचारलं तिनं?' हो. 'मग तुम्ही काय सांगितलंत?'

मी! मी काय सांगणार? मी म्हटलं, अरे, पडद्यांपर्यंत माझी हद्द. राहा म्हणायचा अधिकार मला नव्हता दिलेला.

रात्री हिला सांगितलं, तर ही डोळे पुसत म्हणते, 'तुम्हाला धरून ठेवता आलं नाही का तिला?' बघा. त्याच्या बहिणीच्या मनात पण तिसराच चौकोन. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, वाचलेला वेळ जातो कुठे. कुठे जाणार? त्याचा वाचतो तो सगळा माझ्यातून जातो.

आता तरी सुधारेल म्हणून आज सकाळी ऑफिसात गेलो, तर फाउंडर राखाडी शर्टात, पेज ओढत, दिवा लाल. आणि भिंतीवर नवी चिठ्ठी. 'वाईट वाटणे.' चौकोन तिसरा. खाली माझं नाव, आणि त्याखाली, 'आज संध्याकाळपर्यंत.'

म्हणून म्हटलं, तुम्ही भेटलाच आहात, तर उरकून घ्यावं.