पूल आणि दारातली म्हातारी

मंडळी, बसून घ्या. मागे कतारगामची पोरं उभी आहेत, त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. मी उत्तम, सुकलालच्या शेजारच्या लूमवर होतो. मला बोलायला लावू नका असं मी कालच सांगितलं होतं. लूमच्या खात्यात, कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला एक तर ओरडता येतं, नाहीतर हातवारे करता येतात. मधलं बोलणं आम्हाला जमत नाही. त्यात सुकलालविषयी बोलायचं. परवापरवापर्यंत समोर उभा असलेला माणूस, त्याला 'होता' म्हणायचं. जीभ वळत नाही हो.

पण मला बोललंच पाहिजे, ते ह्या मायसाठी. ही सुकलालची आई, केसरमाय. पोराच्या छातीत कळ आली आणि खात्यातून तो घरी परतलाच नाही. राख सावडून आलो त्या दिवशी मी हिच्याजवळ बसलो होतो. रडत नव्हती. मला एवढंच म्हणाली, "उत्तम, तो माले काबर लई उना रे?"

मला सुरतेला का घेऊन आला, म्हणाली. इतकी वर्षं मनीऑर्डर यायची, तो यायचा नाही. मग एक दिवस अचानक गावी दारात उभा, आणि म्हणाला चाल. कुणी त्याला टोचून बोललं होतं का? लोकलाजेनं आणलं का मला? माझं ओझं वाहिलं का त्यानं? मी म्हटलं, माय, दिवस होऊ देत, सगळ्यांसमोर सांगतो. तर आज सांगतो. तुम्हाला हसू आलं तर हसा, सुकलालही हसला होता.

माय, तुला एका पिक्चरनं आणलं.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. स्टेशनजवळच्या टॉकीजला इंग्रजी पिक्चर लागला होता. उडणाऱ्या माणसाचा. पाठीला पांढरा झगा, आणि पोस्टरवर त्यानं अख्खा पूल खांद्यावर घेतलेला. वर ट्रक, मोटारी, माणसं. खात्यात दुसरा विषय नव्हता. इंग्रजी कुणाला येत होतं? कुणालाच नाही. पण पूल बघायला इंग्रजी कशाला लागतं?

शिवाय आमच्याकडे सुकलाल होता. लूम चालू असले की शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही, हे इथल्या बायकांनाही ठाऊक आहे. घरी येऊनही आम्ही ओरडूनच बोलतो म्हणून त्या कावतात. खात्यात आम्ही ओठ बघून बोलतो, तोंड बघून ओळखतो. त्यात सुकलाल उस्ताद. मी घरी भांडून आलो की लांबूनच तो मला खुणेनं विचारायचा, जेवलास का. तर टॉकीजमध्ये तो मध्ये बसला आणि दोन्हीकडून आम्ही, "काय म्हनस रे तो?" सुकलाल सांगायचा. व्हिलन म्हणतोय चावी दे. ही पोरगी म्हणतेय जाऊ नको. पुढच्या रांगेतली अनोळखी माणसंही माना वळवून ऐकायला लागली. एक जण म्हणाला, "भाई, जरा जोरथी बोलोने."

मग पूल आला. काय सांगू तुम्हाला. खालची नदी, तुटलेल्या तारा, लोंबकळणारी बस, आणि हा एकटा खालून खांदा लावतोय. मी खुर्चीवर उभा राहिलो. मागच्यानं शर्ट ओढला तेव्हा खाली बसलो. सुकलालनंही शिट्टी मारली, खोटं कशाला बोलू. उडणं त्यालाही आवडायचं.

पण त्याच पिक्चरमध्ये एक एवढासा सीन होता. तो उडणारा माणूस साध्या कपड्यांत जिना उतरतोय. खाली दारात एक म्हातारी बसलीय, गालाला हात लावून. डोळ्यांत पाणी. ती त्याला काहीतरी म्हणते, तो मान हलवतो आणि घाईनं निघून जातो. झालं, सीन संपला. पब्लिक शेंगा खात होतं. मी विचारलं, काय म्हणते ती? सुकलाल पडद्याकडेच बघत होता. मी कोपरानं ढोसलं. तेव्हा म्हणाला, "ती त्यानी माय शे. म्हनस, सगया गावले वाचाडस, मनाजोडे कव्हय बठशी?"

सगळ्या गावाला वाचवतोस, माझ्याजवळ कधी बसशील. एवढंच बोलला. पुढचा पिक्चर त्यानं आम्हाला सांगितलाच नाही.

बाहेर चहा घेताना मी आपला पूल, पूल करतोय. तो म्हणाला, "पूल कोनी बी उचली." मला राग आला. म्हटलं, उचल की मग, लूम तरी उचलून दाखव. तो हसला नाही. तेव्हा आम्ही एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं होतो, तुम्हाला आठवत असेल. त्या आठवड्यात त्यानं ह्या नवागामात वेगळी खोली बघितली, खात्याच्या मास्तरकडे रजा मागितली आणि भुसावळ पॅसेंजरमध्ये बसला. परत आला तो तुला घेऊन, माय. तुझं गाठोडं मीच उतरवून घेतलं होतं.

त्यानंतर आमचं भांडण सुरू झालं ते कायमचं. लूम चालू, मी इकडून दोन्ही हात खांद्यावर नेऊन पूल दाखवायचो. तो तिकडून गालाला हात लावायचा. मास्तरला वाटायचं ह्याची दाढ दुखते. पण मी अजूनही म्हणतो, मंडळी, माझं म्हणणं चूक नव्हतं. पूल नसता तर आम्ही गेलोच नसतो. रडणारी म्हातारी बघायला कोण तिकीट काढतं? ती तर आमच्या प्रत्येकाच्या गावी दारात बसलेली होती. तिला बघायला आम्ही जात नव्हतो, आणि पुलासाठी रांग लावत होतो.

पुढे काही वर्षांनी तोच पिक्चर हिंदी बोलायला लागला. मी सुकलालला ओढतच नेलं. पूल आला, आणि खरं सांगतो, ह्या वेळी मला तो जरा हलका वाटला. मी बसूनच राहिलो. मग ती म्हातारी आली. आम्ही दोघंही पुढे सरकलो. आणि ती बाई म्हणाली, "बेटा, नल खुला छोड़ जाते हो, मेरी छत टपकती है."

घरमालकीण होती हो ती. ह्याच्या नळानं तिचं छत गळत होतं. आणि मांडीवर ताट, ताटात कांदा. कांदा चिरता चिरता थांबलेली, म्हणून डोळ्यांत पाणी. तो कांदा आम्हाला कुणालाच आधी दिसला नव्हता.

मी पोट धरून हसलो. सुकलालही हसला, डोळे पुसेपर्यंत हसला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, गड्या, तू नळापायी मायला आणलंस. तो म्हणाला, "पूल बी खोटाच व्हता ना? मंग तू खुर्चीवर काबर उभा ऱ्हायना?"

मी चालायलाच लागलो. थोडं चालल्यावर म्हणाला, मायला तू सांगू नको, "ती इचारी तव्हय मी सांगसू." ती विचारेल तेव्हा मीच सांगेन. माय, तू त्याला कधी विचारलंच नाहीस. मला विचारलंस, आणि तेही तो गेल्यावर. म्हणून त्याचं काम मी करतोय.

आता एवढंच राहिलं. चार लूम पलीकडचे ओठ वाचणारा माणूस त्या सीनला एवढा कसा चुकला, हे मला कळत नव्हतं. पण तू इथे आलीस, आणि पाळी सुटली की आम्ही गल्लीत शिरायचो, तर तू त्याच्या खोलीच्या दारात बसलेली असायचीस. गालाला हात लावून. आमच्यातला तो एकटाच तुला आधीपासून, गावी असल्यापासून, तशी बघत आलेला. टॉकीजमध्ये त्यानं त्या बाईचे ओठ वाचलेच नव्हते, माय. त्याला तू दिसलीस. त्याला कुणी टोचून बोललं नव्हतं. आणि तुला आणल्यावर पाळी सुटली की तो कुठे रमला नाही, सरळ तुझ्याजवळ येऊन बसायचा, हे सगळं नवागाम सांगेल. ओझ्याजवळ असं कुणी रोज येऊन बसतं का?

चला, आता दोन मिनिटं उभे राहू. अशा वेळी मान खाली घालतात, डोळे मिटतात. आज तसं करू नका. डोळे उघडे ठेवा आणि शेजारच्याच्या तोंडाकडे बघा. तो जन्मभर तेच करत होता. वाचताना काही चुकलं तरी चालेल, त्याचंही चुकलं होतं.

माय, तू उठू नको. आत्ता गालाला हात लावून बसलीस, तशीच बस. आम्ही सगळे तुझ्याकडे बघतो.