आयर्न म्हंजी इस्त्री

परत पहिल्यापासनं सांगू? मागं तुमच्या दवाखान्यातला तो चष्मेवाला येऊन गेला, त्याला समदं सांगितलं की — त्याला कान न्हवतं व्हय? बसा मॅडम, खाटंवर बसा, खुर्ची मोडकी हाय. तुम्हाला आयशीयूतल्या पेशंटच्या रक्तातलं लोह बघायचंय, कोण जगलं, कोण गेलं — ती गेली. ताईबाई, माझी मालकीण. झालं? न्हाई झालं म्हणता.

मग आयका. न्यूमोनियानं छाती भरली, दौंडला आयशीयूत टाकली. डाक्टर भाईर आला, म्हणला, आयर्न वाढलंय, लक्षण बरं न्हाई. मी म्हणलं, सायेब, आमच्या घरात इस्त्रीच न्हाई, कापडं तशीच घालतो — हसा, हसा, तोबी हसला. इनोद न्हाई हसला. विनोद, माझा पोरगा, आयटीआय शिकलाय, कंपनीत हाय. "आबा, आयर्न म्हंजी लोखंड," म्हणला, आन् माझ्याकडं असं बघितलं —

कढई हो! आशाताई, घरोघर गोळ्या वाटती ती, म्हणली हुती, रक्त कमी हाय, लोखंडाच्या कढईत भाजी करा. मीच आणली शिरूरच्या बाजारातनं. शेवग्याचा पाला मीच परतायचो, तिला चुलीम्होरं बसवत न्हवतं. "करपवली की वो," म्हणायची — आन् कढई पुसून खायची. पुसून! तर ती गेल्यावर जलदानविधीला भंतेजी बसल्यात, भावकी बसलीया, आन् ह्यो उठून म्हणतो, आबांनी आईला लोखंड चारून मारलं. उठला तसा कढई भीमेत टाकून आला. चारलं तर व्हतंच की मी, माझ्या हातानं. तवापासनं चूल न्हाई पेटवली, सविता भाकरी देती शेजारची. नदीचं पाणी उतरलं की जातो काठानं — खेकडं बघाया. दुसरं काय बघणार?

काय म्हणला? आजारानंच तसं व्हतं? भाजीनं न्हाई? — परत म्हणा. — कढईनं न्हाई?

थांबा. डोळ्यात काय गेलंय, काय न्हाई, धूर —

उठा आता, सवितानं धाडलेला च्या थंड झाला तर ऱ्हाऊ द्या. पर ह्ये मला नगा सांगू. त्याच्या दारात जाऊन सांगा, भावकीला गोळा करून सांगा. पाया नगं पडू म्हणावं, "आबा, चुकलं" एवढं म्हण. कुणाला म्हंजी? किती डाव सांगू — इनोदला!